धोंड्याच्या महिन्यातला खंजीर

साडू हे नातं ज्याने काढलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. साडू भाऊ नाही म्हणून त्याच्याशी वाटणीवरून भांडता येत नाही, मित्र नाही म्हणून तोंडावर बोलता येत नाही, आणि शत्रू म्हणावं तर घरात आपल्याच पानातली भाजी कमी होते. आपल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करण्यापलीकडे त्याने आपलं काही वाईट केलेलं नसतं. तरी त्याने नवा कूलर घेतला की घाम आपल्याला फुटतो.

माझे साडू भगवंतराव अकोल्याला एका बँकेत शाखाधिकारी आहेत. मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, आणि बोलताना मी ‘वरिष्ठ’वर जोर देतो. त्यांची बायको जमुना थोरली, माझी आरती धाकटी. दोघींचं माहेर मूर्तिजापूर, म्हणजे दोन्ही गावांच्या मध्ये. आमची शर्यत रेल्वेनेच आखून दिलेली आहे. भगवंतराव अकोल्याला गाडीत बसतात ते थेट मूर्तिजापूरला उतरतात. मला आधी राजापेठेतून ऑटो, मग बडनेरा, मग गाडी. त्यामुळे मी पोचतो तेव्हा भगवंतराव बैठकीतल्या एकुलत्या एक तक्क्याला टेकून दुसरा चहा घेत असतात. तक्क्याच्या समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा नाटकातल्या वेशातला जुना फोटो आहे. मला जागा मिळते ती त्या फोटोखाली, भिंतीला पाठ लावून, दारातलं ऊन तोंडावर घेत. लग्न झाल्यापासून माझी जागा बदललेली नाही.

मी जळतो असं कोणी म्हणेल. म्हणू देत. मी जळतोच.

धोंड्याच्या महिन्यात हे जळणं अगदी रीतसर होतं. अधिक महिना आला की सासुरवाडीला जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात, आणि अनारशांखाली ऐपतीप्रमाणे काहीतरी भांडं असतं. मागच्या धोंड्याला आम्हा दोघांना चांदीची एकेक वाटी मिळाली होती. भगवंतरावांची वाटी मोठी आहे असा मला संशय होता. पुढे एकदा अकोल्याला जेवायला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्याच वाटीत वरण मागितलं, संपवलं, पुन्हा मागितलं. आरती म्हणाली, “अवो, पोट दुखन.” पोट दुखलंच, पण वाटी मोठी आहे हे सिद्ध झालं.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. कापसाने तेव्हा आमच्या भागाचा दोन-तीन वर्षं अंतच पाहिला होता, आणि त्या हंगामात पेरणीही दुबार करावी लागली होती. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, या खेपेला धोंडे नुसतेच असणार. पण खुशालराव म्हणजे माझे सासरे शेतकरी असले तरी हाडाचे नट. तरुणपणी गणपतीत एक जुनी शोकांतिका त्यांनी वर्षानुवर्षं केली होती. त्या नाटकाचं नाव मी सांगत नाही, ते काढलं की आमच्या घरात अजूनही वाद होतो.

“जावईबापू,” सासरे फोनवर म्हणाले, “या धोंड्याले वाण येगळं हाय. नाटक वाचून या. थोरल्या जावयानं जयध्वज अभ्यासायचा, तुमी कालसेन. पात्राचा स्वभाव सांगायचा न भाषेतले अलंकार सांगायचे. ज्याले नाटक जास्त समजलं, त्याले मी माह्या नाटकातली वस्तू देईन.”

वस्तू कोणती हे विचारायची गरजच नव्हती. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत जपलेला जरीकाठी शेला आमच्या लग्नातही सगळ्यांना उघडून दाखवला होता. मला खटकलं ते दुसरंच. नाटकाची हकीकत मला ऐकून माहीत होती. एक म्हातारा राजा, त्याचे दोन सरदार. थोरला जयध्वज शूर, देखणा, राजाचा लाडका. राजा भर दरबारात शेला देतो तो त्यालाच. धाकटा कालसेन ते पाहून जळतो, राजाच्या कानाला लागतो, आणि त्यातून सगळा सत्यानाश होतो.

“मलाच काहून कालसेन?” मी आरतीला विचारलं. मला राग आला की माझ्याही तोंडून ‘काहून’ निघतं.

“कोनीतरी करनारच न. नाटक हाय ते.”

“भगवंतरावांना का नाही दिला?”

“तुमी हे इचारून राहिले न,” आरती म्हणाली, “म्हनूनच देल्ला असंन.”

मी ठरवलं, शेला आणायचाच. मग सुरू झाला पुस्तकाचा शोध. ग्रंथालयात सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते, आणि माझ्या ओळखीचे जुने सभासद होते ते सगळे माझ्यासारखेच, वर्गणी थकवून घरी बसलेले. त्यांनी थकबाकी भरावी म्हणून मी त्यांच्या दारोदार फिरलो. शेवटी ग्रंथालयाच्या फाटकातून आत गेलो तर तिथला माणूस म्हणाला, “चांगली प्रत परवाच गेली जी. अकोल्याचे एक साहेब आले होते. बँकेचे. लय मोठा माणूस.”

“लय मोठा नाही,” मी म्हणालो.

उरलेली प्रत मला मिळाली. तिचा शेवटचा अंक वाळवीने खाल्लेला होता. चौथ्या अंकाअखेर जयध्वज तुरुंगात आहे, कालसेन प्रधान झाला आहे, आणि पुढे पुठ्ठा. शेवटी काय होतं हे आरतीला विचारता आलं असतं. पण तिला विचारलं की तासाभरात ते जमुनेला कळतं, आणि जमुनेला कळलं की माझा साडू तक्क्याला टेकून हसतो. मी गप्प राहिलो. शोकांतिका आहे म्हणजे चांगला माणूस मरत असणार, एवढा अंदाज सरकारी नोकरीत कोणालाही येतो.

मी रोज संध्याकाळी गच्चीवर उभा राहून कालसेनाचं स्वगत मोठ्याने म्हणू लागलो. “महाराज, आपल्या कृपेचा सूर्य उगवतो तो जयध्वजाच्या अंगणात, आणि आमच्या परसात पोचतो तेव्हा त्याची सावलीच तेवढी उरलेली असते.” पहिल्या दिवशी हे वाक्य मी तीनदा म्हटलं. माझ्या तक्क्याबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर नत्थुजी राहतात. ते कोर्टात बेलिफ होते, आता निवृत्त आहेत, पण समन्स बजावायची सवय सुटलेली नाही. ते वर आले.

“कोनासंगं भांडून राहिले?”

मी सगळं सांगितलं. नत्थुजींनी खाली बसून नीट ऐकलं. मग म्हणाले, “कालसेनावर आरोप काय? जळते. बरं, जळनं हे कोन्या कलमात बसते? सांगा.”

“पण त्याने कान भरले.”

“ऐकनाऱ्यानं काहून ऐकलं? राजा आरोपी नंबर एक. कालसेनानं कबुली देल्ली का?”

“चौथ्या अंकापर्यंत तरी नाही.”

“मग सुटला,” नत्थुजी म्हणाले. “तुमी त्याची बाजू घ्या. येथून तेथून सगळे त्याले शिव्याच देतेत, तुमी वकील व्हा.”

सल्ला मला पटला, कारण तो माझ्या बाजूने होता. राहता राहिले अलंकार. शाळेत असताना मी अलंकारांना घाबरून त्या प्रश्नाचे गुण सोडून दिले होते. राजापेठेत चपलांच्या दुकानावर फरजाना मॅडमचा मराठीचा क्लास होता. अकरावी-बारावीची पोरं तिथे येत, आणि पाठ्यपुस्तकात नेमका याच नाटकाचा एक प्रवेश लागला होता. मॅडमचं व्याकरण इतकं पक्कं की अमरावतीतले मराठीचे प्राध्यापक आपली मुलं गुपचूप तिकडे पाठवत. मी शेवटच्या बाकावर बसलो. पुढची पोरं मागे वळून वळून पाहत होती. त्यांना वाटलं मी कोणाचा तरी बाप आहे आणि हजेरी तपासायला आलो आहे.

मॅडमनी उपमेय आणि उपमान समजावलं. ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय, ज्याची तुलना द्यायची ते उपमान. मग प्रत्येकाला उदाहरणं लिहायला सांगितली. मी भराभर लिहिली. उपमा, तक्क्यासारखे भगवंतराव. अपन्हुती, हे पोट नव्हे, ही बँकेची तिजोरी आहे. व्यतिरेक, कारल्याहून कडू भगवंतरावांचं हसणं. अतिशयोक्तीला मी तीन लिहिली. मॅडमनी वाचून चष्मा काढला.

“सर, बुरा मत मानना,” त्या म्हणाल्या. “अलंकार सगळे बरोबर आहेत. पण तुमचं उपमेय एकच आहे.”

पोरं हसली. मी म्हणालो, तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

“असू द्या,” मॅडम म्हणाल्या. “रविवारच्या बॅचला अकोल्याहून एक सर येतात. त्यांचंही उपमेय एकच आहे.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. भगवंतराव, शाखाधिकारी, अकोल्याहून रेल्वेने येऊन, चपलांच्या दुकानावर, माझ्याच बाकावर बसत होते. ते माझ्या गावात येतात आणि माझ्या घरी चहालाही येत नाहीत, याचा मला संताप आला. पण त्याहून एक गोष्ट मला बसू देईना.

“त्यांनी त्या उपमेयाला कशाची उपमा दिली?”

“ते मी सांगू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुमची पण त्यांना सांगितली नाही ना?”

“म्हणजे त्यांनी विचारली?”

मॅडमनी फळ्याकडे तोंड केलं. त्या दिवसापासून माझं ऑफिसात लक्ष लागेना. फायलीवर फाईल साचली. मी कशासारखा आहे? बांडगुळासारखा? विझलेल्या शेगडीसारखा? मी आरतीला विचारलं, “तुला मी कशासारखा वाटतो?” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “भूक लागल्यासारखे.”

धोंड्याचा रविवार उजाडला. आम्ही मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा भगवंतराव अर्थातच तक्क्याला टेकलेले होते. हातात टाइप केलेले कागद. मी फोटोखाली बसलो. सासूबाईंनी, म्हणजे पार्बताबाईंनी, पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार असं वाढलं. पहिलं पान थोरल्या जावयाचं. सासरे फार जेवले नाहीत. आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. मला वाटलं, माझा जीव टांगणीला लागलाय म्हणून त्यांना माझीच काळजी वाटतेय.

पानं उचलल्यावर सासरे खुर्चीत बसले. “हं, थोरले जावई.”

भगवंतराव उभे राहिले. “जयध्वज हा दरबाराच्या अंगणातला जणू वड होय. उत्प्रेक्षा. त्याचं मन म्हणजे पुर्ना नदीचा डोह. रूपक. आता कालसेन.” इथे त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “कालसेन म्हणजे स्टेशनवर उशिरा येणारी पॅसेंजर. धूर लय, आवाज लय, न येते तवा सगळे जेवून उठलेले राहतेत.”

तर ही माझी उपमा होती. मनात कबूल करावं लागलं की माझ्या तिजोरीपेक्षा ती चांगली होती. ती मला सुचली नाही याचं मला जास्त दुःख झालं.

मी उठलो. नत्थुजींनी शिकवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. “कालसेनाचा गुन्हा काय?” मी म्हणालो. “त्याने कधी म्हटलं का, मला आधी वाढा? त्याची गाडी बडनेऱ्यावरून येते हा त्याचा दोष आहे का?”

“नाटकात गाडी नाही,” भगवंतराव म्हणाले.

“मी अलंकारिक बोलतोय. राजाने दोघांना एकेक वाटी दिली. थोरल्याच्या वाटीत वरण जास्त मावतं. हे राजाला दिसत नव्हतं? धाकटा तक्क्याला टेकला असता तर राज्य बुडालं असतं? तो दुष्ट नाही. त्याला फक्त एकदा, एकदाच कोणीतरी विचारायला हवं होतं, की बाप्पा, तू कधी आला, पाणी घेतलं का. कोणी विचारलं नाही. मग तो जळला. जळणाऱ्या माणसाला सगळे चटका बसला म्हणून शिव्या देतात, पण त्याला भाजतं किती ते कोणी पाहत नाही.”

माझा आवाज चढलेला होता आणि डोळ्यांत पाणी आलेलं होतं. ते थांबवायला म्हणून मी घाईघाईने शेवट केला. “आणि म्हणूनच नाटककाराने त्याला शेवटी प्रधान केलं. तो सुखात राहिला.”

भगवंतरावांच्या तोंडावर हसू पसरलं. ते कारल्याहून कडूच होतं. “मरते तो, नितेशराव. पाचव्या अंकात. जयध्वजाच्या पायावर डोकं ठेवून सोताच्याच छातीत खंजीर मारून घेते. तुमी नाटक पुरतं वाचलंच नाही.”

माझं तोंड उतरलं. वाळवीचं नाव सांगून उपयोग नव्हता. मी पुन्हा फोटोखाली जाऊन बसलो.

सासऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग त्यांनी ट्रंक उघडली. शेला काढला आणि भगवंतरावांच्या खांद्यावर घातला. नंतर ट्रंकेच्या तळातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. लाकडाचा खंजीर होता. त्याला चिकटवलेला चंदेरी कागद जागोजागी निघाला होता.

“कालसेनाची बाजू कोनी अशी घेतली नव्हती,” सासरे म्हणाले. “हे तुमचं.”

मी नमस्कार केला आणि मनात म्हणालो, सुरेख. थोरल्याला शेला, धाकट्याला पोरांचं खेळणं. पाचवा अंक मी न वाचताही पुरा झाला होता.

संध्याकाळी आम्ही चौघं स्टेशनवर आलो. आमच्या गाड्या थोड्या अंतराने होत्या, दोन वेगळ्या दिशांना. बायका बाकावर बसून बोलत होत्या. भगवंतराव माझ्याजवळ आले आणि खंजिराकडे पाहत म्हणाले, “बदलता का?”

“काय?”

“हा घ्या शेला. तो मले द्या. माह्या पोराले खेळाले होईल.”

मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. पण त्यांनी शेला घडी करून पुढेही केला. इतका भोळा साडू मला त्याआधी कधी दिसला नव्हता. त्यांचा विचार बदलायच्या आत मी शेला घेतला, खंजीर दिला, आणि त्यांची गाडी हलल्यावर फलाटावर उभा राहून छाती फुगवली.

गाडीत बसल्यावर मी पिशवीतून शेल्याचं टोक काढून आरतीला दाखवलं. तिने कपाळावर हात मारला.

“खंजीर कोठी हाय?”

“दिला. पोराला खेळायला.”

“अवो, बाबा कालसेन करत. जयध्वज तर तहसीलीतला एक कारकून करे. तो खंजीर बाबांच्या हातातला हाय. भिंतीवरच्या फोटोत कमरेले काय खोचलंय, कधी पाह्यलं नाही का?”

कसं पाहणार? मी फोटोखाली बसत होतो. फोटोसमोर तक्का होता, आणि तक्क्याला माझा साडू. इतकी वर्षं तो तिथे टेकून तो खंजीर पाहत आला होता. म्हणजे सासऱ्यांनी आपली वस्तू मला दिली होती, मला, धाकट्याला, आणि मी ती फलाटावर देऊन टाकली. मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली.

“न शेला?” मी कसंबसं विचारलं.

“शेला आईच्या लग्नातल्या शालूचा. नाटकासाठी तिनंच फाडून शिवला होता.” आरतीने बोट फिरवून शेल्याची शिवण दाखवली. मग म्हणाली, “एक सांगू? या साली बाबांपाशी वाण द्याले काईच नव्हतं. वाटी नाही, ताट नाही. जावयांले काय तोंड दाखवू म्हनून जेवत नव्हते. मग आईनं ट्रंक काढली. पन त्या फाटक्या वस्तू पाहून तुमी हसान अशी दोघांले धास्ती होती.”

“मग?”

“मंग काय. तुमी दोघं त्याच्यासाठी असे भांडले, का बाबांले वाटलं, आपल्या घरात अजून भांडन्यासारखं काईतरी हाय. आज रातच्याले ते जेवतीन.”

मी शेला नीट घडी करून मांडीवर घेतला. बडनेऱ्यापर्यंत मला खरोखरच चांगलं वाटत होतं, माणसासारखं. मग बडनेरा आलं आणि फलाटावर टेलिफोनचा बूथ दिसला.

अकोल्याला फोन भगवंतरावांनीच उचलला. “शेला कशाचा आहे माहीत आहे का?” मी विचारलं.

“आता समजलं,” ते म्हणाले. आवाज पार बसला होता. “जमुनानं गाडीत सांगितलं. नितेशराव, तो वापस करा.”

“आधी खंजीर.”

“खंजीर नाही भेटनार.”

“मग शेलाही नाही,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी एकदमच फोन ठेवला.

त्यानंतर दर महिन्याला मी मूर्तिजापूरला फोन करून सासऱ्यांकडे भगवंतरावांची तक्रार करतो. माझ्या आधी त्यांची येऊन गेलेली असते, तिथेही त्यांची गाडी पुढेच. सासरे सगळं ऐकून घेतात, मोठ्याने खाकरतात, आणि कालसेनाच्या भरदार आवाजात सांगतात, “पाहतो मी. पुढच्या धोंड्याले दरबार भरवू.” मागून सासूबाई हसल्याचं ऐकू येतं.

आरती म्हणते, बाबांना बरं वाटावं म्हणून तुम्ही दोघं हे करता, मला कळत नाही असं समजू नका. मी तिला तसं समजू देतो. पण खंजीर मला खरंच पाहिजे.